महिन्याचा तिसरा मंगळवार

इथेही तिला पेटीच म्हणतात.
अकॉर्डियन हा शब्द फक्त विम्याच्या कागदावर.
"पेटी आणलीस का?" असं विचारतात
हॉटेलच्या मागच्या दारात,
समुद्रावरचं धुकं पाठोपाठ आत येतं
ते पायाने थोपवल्यासारखं करत.

मला वाजवता येत नाही.
बावीस वर्षं या क्लबात आहे,
एक सूर काढलेला नाही.
मी पेट्या उचलतो.
डिकीतून हॉलमध्ये, हॉलमधून डिकीत,
बारा-बारा किलो. डोलिनाची इटालियन तर
होडीच्या नांगरासारखी खांदा ओढते.
मध्यंतरात सोडतीची तिकिटं विकतो.
बक्षिसं ठरलेली: शॉर्टब्रेडचा डबा,
व्हिस्कीची चपटी बाटली,
आणि लव्हेंडर साबणांचा एक खोका,
जो ज्याला लागतो तो पुढच्या महिन्यात
देणगी म्हणून परत आणतो.
तीन वर्षं झाली, खोका अजून फिरतोय.

आधी नवशिके वाजवतात, असा नियम.
मग जुने. मग सगळे मिळून.
सगळे मिळून म्हणजे
एकवीस भाते एकदम उघडतात
आणि एकवीस जणांना वाटतं
लय आपल्याकडे आहे, बाकीचे पळतायत.
ड्रमवरचा टॅम डोळे मिटून घेतो.
खिडकीजवळच्या टेबलावर बायकांचे पाय ठेक्यात,
तोंडं मात्र मोकळी:
कुणाचा गुडघा बदलला,
कुणाची मेंढी कड्यावरून गेली,
कुणाचा मुलगा तेलविहिरीवरून परत आला
तो दाढी घेऊन आणि बायको न घेता.
वाजवणं अचानक थांबतं तेव्हा
एखादं वाक्य उघडं पडतं मधोमध,
"...आणि तेही शेजाऱ्याच्या कोठारात!"
टाळ्या त्यालाच जास्त.

नोव्हेंबरात ह्युइना आली. एकटी.
वॉटीची खुर्ची आम्ही तशीच ठेवली होती.
म्हणजे, तिच्यावर कोट टाकत होतो.
कोट पटापट उचलले गेले.
ती बसली नाही. म्हणाली,
गाडीत त्याची पेटी आहे, विकून टाका,
पलंगाखालची जागा अडते.

मी गेलो आणायला.
वॉटीच्या दोन्ही पेट्या मीच उचलल्या म्हणायच्या.
सप्टेंबरात, टेकडीवर, वारा आडवा,
इथल्या रिवाजाप्रमाणे आठ माणसं, आठ दोऱ्या,
प्रत्येकाच्या खिशात आदल्या दिवशी मिळालेलं
आकडा घातलेलं कार्ड.
माझी चार नंबरची. डाव्या खांद्यापाशी.
ती पेटी हलकी लागली हाताला.
ही नाही.

लिलाव की सोडत, यावर कमिटी भांडली
चहा गार होईपर्यंत.
तेवढ्यात स्ट्रुअनने पट्टे चढवले.
बारा वर्षांचा पोरगा, दोनच चाली येतात,
आणि त्यांतली एक दुसरीसारखीच.
पेटीमागून फक्त केस दिसत होते त्याचे.
त्याचं बोट पडलं हवेच्या बटणावर,
ज्याने सूर लागत नाही,
भाता नुसता उघडतो.

उघडत गेला. लांब. जरा घरघरत,
मध्ये कुठेतरी अडकून,
मग पुन्हा, हळूहळू, मिटला.
खिडकीजवळचं टेबलही गप्प.

"हं," ह्युइना म्हणाली, "अस्साच झोपायचा.
एकोणचाळीस वर्षं."
आणि हसली, आधी तीच,
म्हणून मग आम्हाला हसता आलं.

पेटी विकली गेली नाही.
आता दर तिसऱ्या मंगळवारी
तिच्या गाडीतून आत, आत्तून गाडीत.
पोराला पंधरा मिनिटं मिळतात, चुकतमाकत.
ती कोट काढत नाही, पण बसते.
"सावकाश रे," असं मला म्हणते दारात,
पेटीला की मला, विचारलेलं नाही.

त्या रात्री साबण मला लागले.
परत नेले नाहीत अजून.