साठवणीची जागा

केळवणाच्या पंगतीत दोन जिलब्या जास्त झाल्या
असं मीच ठरवून टाकलं होतं.
उजव्या बरगडीखालून कळ निघाली,
पाठीतून वर, खांद्याच्या फऱ्यापर्यंत.
ओवा चावला. सोडा प्याले.
रात्री दोनला मोरीच्या कट्ट्यावर बसून
भिंतीवरच्या फरश्या मोजल्या. एकशे बारा.

सोनोग्राफीवाला पोरगा म्हणाला, काकू, श्वास रोखा.
रोखला.
सोडा, असं तो बराच वेळ म्हणाला नाही.

डॉक्टर केंजळ्यांनी कागदावर एक पिशवी काढली,
आत ठिपके.
पंचवीस वर्षं बिबवेवाडीत ब्लाउज शिवतेय,
पिशवी म्हटली की मला आधी शिवण दिसते.
विचारलं, राग गिळून होतात का हो खडे?
ते हसले. म्हणाले, कोलेस्टेरॉल.
शेजारी बसलेला सुधाकर त्यांच्याहून मोठ्यानं हसला.

तीन आठवडे तुपाशिवाय वरणभात
आणि लग्नसराईची एकोणीस ब्लाउजं.
रुबिनाला दाखवलं, मुंढा कुठवर खोल घ्यायचा,
माप वाढलं असेल तर बोलायचं नाही, नुसतं लिहायचं.
वहीत उतरवलं : कुणाचे किती राहिलेत,
गॅसचा नंबर, किल्ल्या, विम्याचा कागद.
एक पान कोरं सोडलं.
का, ते माहीत नाही.

सकाळपासून पाण्याचा थेंब नाही.
नर्सनं नखांचा रंग पुसला.
पाटल्या निघेनात, साबण लावून काढल्या,
मंगळसूत्र सुधाकरच्या खिशात, रिक्षाच्या सुट्ट्यांबरोबर.
हिरवा गाऊन मागून उघडा, तीन नाड्या,
त्यातली एक तुटलेली.
सुई असती तर तिथंच लावली असती.
वरचा दिवा. कुणीतरी विचारलं, काय काम करता?
ब्ला–
एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा खांदा दुखत होता.
पोटाचं काम आणि दुखणं खांद्याला?
आत भरलेला वायू वर चढतो, सिस्टर म्हणाली,
फिरा, म्हणजे उतरेल.
मग फिरले, सलाइनचा खांब ढकलत,
खिडकीपर्यंत अकरा पावलं, परत अकरा.
खिडकीत पर्वतीचं टोक,
खाली मार्केट यार्डाकडे वळणारे कांद्याचे ट्रक.

पलीकडच्या खाटेवर सासवडच्या अनसूयाबाई,
त्यांचीही पिशवी कालच गेलेली.
काही सरलं का गं? त्यांनी हळूच विचारलं.
नाही अजून.
पहाटे पादलो दोघी, पाठोपाठ,
आणि पोट धरून हसलो,
नको गं, टाके ओढतात, म्हणत हसलो.

चार छोट्या जागा. तीन बऱ्या.
बेंबीजवळचा टाका जरा ओढलेला,
मी असते तर उसवून परत घातला असता.

खडे दिले प्लॅस्टिकच्या डबीत. सात.
मेथीच्या दाण्याहून थोरले, कोपरे असलेले.
सून म्हणाली, शी, टाकून द्या.
बटणांच्या डब्यात ठेवलेत.

टाके काढताना विचारलं,
मग आता पित्त जातं कुठे?
यकृत करतंच राहतं, केंजळे म्हणाले,
फक्त साठवणीची जागा गेली.
आता होईल तसं, थेंब थेंब, थेट.

परतताना रिक्षात सुधाकर म्हणाला,
विलास जरा अडचणीत आहे,
तुझ्या पतसंस्थेतून वीस हजार निघाले तर–
गंगाधाम चौकात खड्डा आला.
मी पोटावर उशी दाबून धरली
आणि म्हणाले, नाही.
मागचे पन्नास आधी.
आवाजसुद्धा चढला नाही.
रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं.
सुधाकर दुकानांच्या पाट्या वाचत राहिला.

घरी आल्यावर खिचडी त्यानंच टाकली.
मीठ विसरला.
सांगितलं, तिथल्या तिथे.