जपेल शे

रकाना अकरा : मृत्यूचा प्रकार.
नैसर्गिक. आत्महत्या. घातपात. अपघात.
एकावर खूण करायची.
धुळ्याला बदली होऊन आठ महिने झाले,
शवागाराला लागून माझी खोली,
मे महिन्यात खिडकीची कडी हाताला चटका देते
आणि बॉलपेनची शाई पातळ होऊन
सह्यांना पाय फुटतात.

मथुराबाई बोरसे, शिरपूरकडून.
मुलगा कल्पेश, वय तेवीस, काम : केळीच्या गाड्या भरणे.
कधी लक्षात आलं, मी विचारलं.
"माले वाटनं, जपेल शे."

मी कुडाळची. मी लिहिलं :
आईने जपले होते.
शिपाई उखाअण्णा खांद्यावरून वाकले,
मॅडम, इकडे जपणं म्हणजे झोपणं.
मी खोडलं. कागद जरा फाटला.

रात्रभर गाडी भरून पहाटे आला, ती म्हणाली.
घोरत होता. असा घोरत होता
की शेजारची पोरं दारात येऊन हसली.
तिने पोरांना हाकललं.
कूलरचं तोंड त्याच्याकडे वळवलं,
शिटी नको म्हणून कुकर लावला नाही,
डाळ पातेल्यातच शिजवली, दोन तास,
भंगारवाल्याला गल्लीच्या तोंडावरून परत पाठवलं.
अकराच्या सुमाराला घोरणं थांबलं
तेव्हा तिला बरं वाटलं.
"म्हन्तं, आते नीट जपना."

डॉक्टरीणबाई नंतर मला म्हणाल्या,
ते घोरणं नव्हतं.
गोळी आणि दारू एकत्र आली की
घसा असा वाजतो, शेवटी शेवटी.
मी हे मथुराबाईंना सांगितलं नाही.
दुसऱ्या कुणी सांगितलं का, माहीत नाही.

फाटकाबाहेर निंबाखाली इद्रिस उभा.
केळीच्या चिकाने काळे पडलेले हात,
दोघांचा एकच खांदा जणू, एक घड देणारा, एक घेणारा.
कुत्तागोळी म्हणतात तिला, तो म्हणाला,
दोघांत एक घ्यायचो, पाठ तेवढी गप्प बसते.
कालची नव्या माणसाकडची होती.
तशीच पांढरी, तशीच मधोमध रेघ,
फक्त कडू नव्हती.
त्याने आपली अर्धी जिभेला लावून ठेवून दिली होती.
कल्पेशने मात्र आधीच क्वार्टरबरोबर गिळली होती,
आणि वर अजून एक, पुरी.
"वाटलं होतं एकशेआठला फोन करावा.
पण मग पोलीसपण येतात ना, मॅडम?"
हे त्याने खरंच विचारलं.
मला खरंच माहीत नव्हतं.

सिगरेटच्या चांदीत गुंडाळलेली ती अर्धी
हवालदाराने पाकिटात टाकली,
वर लिहिलं : गोळी, नग अर्धा.
बरण्या नाशिकला जातील.
उत्तर येईल तेव्हा केळीचा पुढचा हंगाम असेल
आणि त्या माणसाचा नंबर बंद.

अपघात, या शब्दावर मी खूण केली.
तिच्या सहीलाही पाय फुटू लागले
तशी ती कागदावर फुंकर घालत बसली,
पापडावर घालावी तशी, हलकी, न संपणारी.

मग उठली. पदर सारखा केला.
पत्र्याच्या दाराशी जाऊन
उखाअण्णांना हळूच विचारलं,
"मझार कूलर शे ना?"

"शे, माय."