किंकाळीचे पैसे

पहिली किंकाळी मी अंधेरीत विकली,
पंचाहत्तर रुपयांना, चहा वेगळा.
पडद्यावर पांढरी साडी, मेणबत्ती, कोरड्या बर्फाचं धुकं.
तोंड नायिका उघडायची,
घसा माझा.

मग रबराचे मुखवटे आले,
लाल रंगाच्या बादल्या, आंघोळीचे सीन.
रेकॉर्डिस्ट दिनशा म्हणायचा, "बाई, जरा ओली दे."
ओली म्हणजे काय, मी विचारलं नाही.
एका दिवसात चौदा दिल्या.
घरी मुलाला हाक मारायला आवाज उरायचा नाही,
टाळी वाजवायचे.
तो यायचा.

पुढे भुतं टीव्हीत शिरली, मग फोनमध्ये,
आणि किंकाळ्या मशीनमधून निघू लागल्या.
त्यातली एक माझीच, सत्त्याऐंशी सालची.
शेवटी बांगडी वाजते, त्यावरून ओळखली.
तिचे पैसे कुणाला मिळतात, कोण जाणे.

परवा पुन्हा बोलावणं. दिग्दर्शक पोरगेला.
म्हणाला, किंकाळी नकोय, मावशी.
गोरेगाव, बाविसावा मजला, बाई एकटी,
लिफ्ट आपल्या मजल्यावर थांबते का, ऐकत बसलीय.
नुसता श्वास द्या.

बांगड्या काढून ठेवल्या.
एका टेकमध्ये ओके.
काचेपलीकडून तो बघतच राहिला:
"तयारी कशी केलीत?"

मी विचारलं,
पैसे आजच मिळतील ना?