मागं तोंड करून बसायची जागा

होटगी रस्त्याला हत्तुरेंच्या शेडमध्ये
तीन गाड्या उभ्या होत्या, तिन्ही बिनदाराच्या.
बालमणी म्हणाली, दारच नाही, मग कुलूप कुठं लावायचं?
हत्तुरे हसले.
मी किमतीचा कागद वाचत होतो.

गोल्फ म्हणजे काय ते मला ठाऊक नाही.
हत्तुरेंनाही नीटसं नव्हतं.
"मोठ्ठं गवत असतं मालक, त्यात चेंडू हरवतो,
हुडकायला ही गाडी."
आमच्या विडी घरकुलात गवत नाही.
नळ चौथ्या दिवशी येतो, गवत कुठनं यायचं?
आमचं हरवलंय ते निराळं.
चाळीस वर्षं मांडी घालून, मांडीवर सूप,
पान कातर, तंबाखू भर, वळ, दोरा बांध,
दिवसाला हजार.
कारखान्यात छाट निघायची ती विड्यांची.
डॉक्टरनं यंदा गुडघ्यांची काढली.

"रोजचं जाणं किती?" हत्तुरेंनी विचारलं,
"त्यावर बॅटरी ठरते."
मी जेकार्डवर एकतीस वर्षं.
अंतर मला सुतात कळतं.
घर ते पिठाची गिरणी, अर्धी कांडी.
गिरणी ते दवाखाना, तीन.
दवाखान्यातनं बाजार, बाजारातनं ताहेराचा ओटा,
ओट्यावर तासभर, ते सूत धरायचं नाही.
सगळं मिळून एका चादरीच्या निम्मंही भरेना.
एवढ्याशासाठी तिनं गेलं वर्षभर
उंबऱ्यात बसून काढलं.

पाण्याच्या बॅटऱ्या स्वस्त. सहा असतात,
दर महिन्याला डिस्टिल्ड पाणी पाजायचं.
"म्हणजे आम्हाला चौथ्या दिवशी
आणि हिला शुद्ध केलेलं," बालमणी.
लिथियमची पाण्याविना चालते,
पण चाळीस हजार वर.
"मे महिन्यात चव्वेचाळीसला जातंय आपल्याकडं,
काहीही घ्या, सावलीत चार्ज करा."
सावली एकच आहे आमच्याकडं.
पत्र्याखाली, जिथं माझा माग होता.
भंगारवाल्यानं नेला तरी
फरशीवर चार पायांचे खड्डे आहेत अजून.
मी मनातल्या मनात गाडीची चाकं
त्या खड्ड्यांवर ठेवून बघितली. जमेना. गाडी लांब.

दोन सीटची पांढरी मी घरूनच ठरवून आलेलो.
दोघंच तर आहोत. पोरगा पुण्यात.
चार सीटचीला मागचा बाक उलटा,
पाठीला पाठ लावून.
बालमणी तिच्याभोवती फिरली, दांडी धरली,
एक पाय वर, मग थांबली, मग दुसरा,
आणि बसली मागं, तोंड रस्त्याकडं.
मी म्हटलं, पुढं ये, माझ्याशेजारी.
ती शेजारची जागा हातानं थोपटत होती.
"ताहेरा इथं. इरव्वा बारीक आहे, मधे मावंल.
पिठाचा डबा तुमच्या बाजूला."

आरशाचे आठशे वेगळे होते.
आरसा नको म्हणाली.

हत्तुरे म्हणाले, हायवेला काढू नका,
पासिंग नाही हिचं, वसाहतीतल्या वसाहतीत फिरा.
टेम्पोत घालून आणली.
पहिल्या दिवशी पोरं मागं पळाली,
"नवरदेव कुठाय, नवरदेव?"
चिट्याल मास्तरांनी चष्मा पुसून विचारलं,
"लग्नाचं भाडं घेता का?"
तेरा फेब्रुवारीची एक तारीख विचारून गेलेसुद्धा.
मी अजून नाही म्हटलेलं नाही.
हप्ता आहे.

आता रोज साडेपाचला निघतो.
मी पुढं एकटा, मांडीपाशी पिठाचा डबा.
मागं तिघी, तेलुगू, कन्नड, दखनी,
एकीचं वाक्य दुसरी संपवते.
गाडीला आवाज नाही,
आयुष्यभर मागाच्या खडखडाटात मी बहिरा,
मला सगळं ऐकू येतं.
कोणाच्या सुनेनं काय केलं,
आणि माझं घोरणं,
आणि मी किती घासाघीस केली तीन हजारांसाठी.

गिरणीच्या वळणावर बालमणी
बोलता बोलता बोलणं न तोडता सांगते,
"टेम्पो आलाय मागनं. घ्या बाजूला."
मी घेतो.