निरंक

दर महिन्याच्या दोन तारखेला
मी मुरबाडच्या ठाण्यात तक्ता भरायला बसते.
आडवे रकाने: किरकोळ, गंभीर, मयत.
उभे: म्हसा फाटा, सरळगाव, टोकावडे, बारवीकडचं वळण.
पट्टी लाकडी आहे, तिच्या कडेला खाचे पडलेत,
माझी एकही रेघ सरळ येत नाही.
साहेब म्हणतात, इसामे,
रस्तासुद्धा ह्याच पट्टीनं आखला होता की काय.

पौषात आकडा चढतो.
म्हशाची यात्रा, टेम्पोत उभे बैल,
एका मोटारसायकलवर तिघं आणि चौथी घोंगडी.
मार्चात उतरतो. परीक्षा असतात,
गाड्यांच्या किल्ल्या आयांच्या डब्यात, तांदळाखाली.
मे महिना हळदींचा.
रात्री दोनला उचललेल्या शर्टावर
पिवळं काय आणि बाकीचं काय
हे पंचांसमोर मोठ्यानं सांगावं लागतं.
जुलैत माळशेजकडे निघालेले, लांबचे.
त्यांच्या घरी फोन लावला
की आधी मुरबाड कुठे येतं ते सांगायचं,
मग उरलेलं.

एकदा जिल्ह्याहून विचारणा आली:
मासिक सरासरी कळवावी.
बेरीज केली, भागाकार केला. साडेतीन.
मी पेन ठेवून बसले.
अर्धा अपघात मी पाहिलाय.
सरळगावच्या टपरीवर एक पोरगा,
ब्रेक लागलेला, ट्रक निघून गेलेला,
कपातला चहा बशीत, बशीतला मांडीवर,
आणि तो विचारतोय, किती झाले, किती झाले.
टपरीवाल्या नंदूनं पैसे घेतले नाहीत.
तो कुठल्याच रकान्यात नाही.

मागच्या नोव्हेंबरात काहीच घडलं नाही.
किरकोळ नाही, गंभीर नाही.
अकरा वर्षांत पहिल्यांदा.
मला राहवलं नाही, एक तारखेच्या सकाळीच बसले,
मुलीचं निळं जेलपेन आणलं होतं,
आडवं, मोठं, शेवटच्या काट्यासकट लिहिलं:
निरंक.
शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

दुपारी वाडीवरून माणूस आला.
काळूराम मेंगाळ, वय अंदाजे पन्नास.
तीस तारखेला रात्री पावणेबाराला
टोकावड्याच्या अलीकडे टेम्पोचा धक्का.
उठला, धोतर झटकलं,
काय नाय झालं म्हणाला, चालत घरी गेला,
भाकर खाल्ली.
पहाटे गेला.

नियमानं अपघात ज्या महिन्यातला, मयतही त्याच महिन्यात.
मी व्हाइटनर शोधत होते.
साहेब म्हणाले, आपल्याला कळलं केव्हा?
एकला ना?
मग राहू दे नोव्हेंबर.
चांगला दिसतोय.

मी राहू दिला.
तो तसाच ठाण्याला गेला,
आणि तिकडून आलेलं अभिनंदनाचं पत्र
अजून नोटीस बोर्डावर आहे, एका टाचणीवर,
पंखा लावला की फडफडतं.

पंधरा दिवसांनी त्याची बायको आली.
बॅटरी मागत होती. मुद्देमालातली, पत्र्याची, दोन सेलची.
मी बटण दाबून पाहिलं.
लख्ख लागली.
भिंतीवरच्या तक्त्यावर गोल उजेड पडला.
म्हटलं, बाई, चालू बॅटरी हातात असून
टेम्पोवाल्याला दिसला कसा नाही?

ती म्हणाली, गाडी आली का तो बंद करायचा.
म्हणायचा, तिचा उजेड हाय ना रस्त्यावर,
आपले सेल कशाला जाळायचे.

कारणाच्या रकान्यात जागा बोटभर असते.

पोच म्हणून तिचा अंगठा घेतला.
शाई जरा जास्तच लागली.
तिनं तो भिंतीला पुसला नाही, पदरालाही नाही.
अंगापासून लांब धरून
ती एसटी स्टँडकडे चालत गेली,
दुसऱ्या हातात बॅटरी,
भर दुपारी,
रस्त्याच्या चुकीच्या बाजूनं.