दोनदा उकळलेलं

शनिवारी पहाटे म्हशी धाकट्याच्या हवाली केल्या.
"भुरी लाथ मारती, आधी पाय बांध," एवढं सांगितलं
आणि दसरा चौकातनं बस धरली:
मी, विजया, शिवांजली,
आणि कानटोपीतला अधिराज.

पुलावर कुणी बोललं नाही.
वाघबीळच्या वळणाला तीन पोरं एकदम ओकली
आणि तीन आयांनी, खाली न बघता,
एकाच जातीच्या पिशव्या पुढं केल्या.
ओळख तिथंच झाली.

पन्हाळ्यावर शाळेचा हॉल.
दारात गळ्यात घालायच्या पाट्या: नाव, गाव, आवडता खेळ.
आजाराला रकाना नव्हता.
अधिराजनं खेळात लिहिलं, म्हशी धुणे.

इथं टकलाकडं कुणी वळून बघत नाही.
केसवालीच पोरं वेगळी दिसतात.
ती भावंडं.

दुपारी बापांना चिंचेखाली गोल बसवलं.
एका ताईनं विचारलं, सगळ्यात जड काय जातं?
आम्ही आपापल्या चपला बघत बसलो.
इचलकरंजीचा मुजावर म्हणाला, "दवाखान्याचं पार्किंग."
हसलो. मग थांबताच येईना.
शिरोळचा चौगुले डोळे पुसत होता,
ते हसण्याचं पाणी का दुसरं, कुणी विचारलं नाही.

माझी पाळी आली.
म्हटलं, मी गंगावेशीत दूध विकतो. धारेचं.
म्हैस रस्त्यात, गिऱ्हाईक पेला धरून तिच्या पोटाशी,
फेस मिशीला लागला की म्हणतंय, औषध हाय, औषध.
दोन वर्षं झाली, आख्ख्या पेठेला औषध पाजतोय
आणि माझ्या पोराला कच्चं काही द्यायचं नाही.
त्याचं दोनदा उकळतो. करपट वास येतो,
तो नाक धरून पितो.
एवढंच.
मुजावरनं खिशातल्या शेंगा पुढं केल्या.

रात्री धुकं उतरलं, दिवे गेले.
जेवायला वाढत होतं एक जोडपं, कागलकडचं.
मागच्या वर्षी तिघं आलेली म्हणे.
यंदा दोघं, स्वयंपाकाला.
बाई प्रत्येक पोराच्या पुढ्यात वाकायची,
मेणबत्ती जरा लांब धरून विचारायची,
"मऊ देऊ का कुस्करून?"
तोंडातले फोड तिला विचारावे लागत नव्हते.
अधिराजनं तिच्या हातनं दीड भाकरी खाल्ली.
विजया उठून बाहेर गेली ती बराच वेळ आली नाही.

रविवारी भावंडांच्या चिठ्ठ्या वाचल्या. बिननावाच्या.
एक: "मला पण एकदा ताप यावा. थोडा."
एक: "ती रडली की सगळे पळतात. मी रडले की गप म्हणतात."
एक: "मी धारेचं दूध सोडलं.
बाबा पेला देतात तो मी मांजराला घालते.
भावाला मिळत नाही म्हणून. घरात कुणाला माहीत नाही."

पेठेत मांजरं ढीग असतील.
पण आमचं मांजर दोन वर्षांत रेडकागत सुटलंय
आणि मी विजयाला म्हणायचो,
उंदीर लई झालेत वाटतं.

परतताना ती खिडकीला, मी शेजारी.
बोलायचं म्हणून म्हटलं, "गार वाटतंय का?"
"नाही."
चौगुलेचं पोरगं मागं लेझीम वाजवत होतं,
एकच ठेका, चुकलेला, अगदी घाट उतरेपर्यंत.
बुधवारी रक्त तपासायचंय. काउंट किती येतो कुणास ठाऊक.
पाटी अधिराजनं गळ्यातनं काढली नव्हती.

रात्री मोठं पातेलं ठेवलं.
एकदा उतू आलं, खाली घेतलं, पुन्हा ठेवलं.
चार पेले भरले, सारखे.
विजयानं माझ्याकडं बघितलं, मी पातेल्याकडं.
शिवांजलीनं पेला हातात धरला, प्याली नाही लगेच.
मग अधिराजकडं बघून नाक धरलं.
त्यानंही धरलं.

मांजर उंबऱ्यावर बसून होतं,
एकेकाच्या तोंडाकडं बघत.