एक मापटं धान्य, एक रोप

मखमलाबाद रोडला, पाटाच्या कडेला आमची नर्सरी.
आषाढात पाटी लावली, खडूनं:
एक मापटं धान्य द्या, एक रोप न्या.
खाली चांगुणानं तिच्या अक्षरात भर घातली:
किडकं आणू नये.

काट्याला शेणखताचा वास, धुऊनही जाईना.
मग तांबट आळीतून लोटनकाकांचं पितळी मापटं आणलं.
पैसे नको म्हणाले. परत आणा,
आणि पोचा पडू देऊ नका.

लोक आले.
पेठ गाडीच्या कंडक्टरनं नागली आणली, तुळस नेली.
कॉलेज रोडच्या डॉक्टरीणबाईंनी बासमती ओतला,
आरेका पाम डिकीत आडवा करून गेल्या.
एका पोरानं घरी न विचारता डाळ आणली असावी,
खिशातूनच काढत होता.
रात्री पोती जायची पेठ नाक्यावर,
पावसानं काम थांबलेल्या बिगाऱ्यांच्या पालांवर.

चौथ्या दिवशी कथड्यातून झुलेखाबी अत्तार आल्या, पायी.
हातात ओल्या गोणपाटाची सुरळी.
गाठ सोडली. पाच काड्या गुलाबाच्या,
बोटभर जाड, काटेच काटे.
"पाटी वाचली," म्हणाल्या.
"रोप मी देते. धान्य तुम्ही द्या."

चांगुणा माझ्याकडे बघत राहिली,
मी पाटीकडे.

रस्ता रुंद होतोय. अंगण पुढच्या आठवड्यात जाणार.
सासूच्या सासूनं लावलेला हा,
भट्टीवर याचंच गुलाबपाणी निघायचं.
मी नाव विचारलं, लेबलासाठी.
"नाव काय? गुलाब.
दुसरा होता कुठं तेव्हा?"

माझ्या शेडमध्ये चारशे गुलाब.
वीस वर्षं विकतोय, जुन्या कागदांवर
गुलशनाबाद लिहिलेल्या या गावात.
गिऱ्हाईक सवयीनं वाकतं, नाक लावतं,
सरळ होतं,
आणि भाव विचारतं.

मापटं भरलं, शिगोशीग.
काडीमागे एक. तांदूळ, तूर, पुन्हा तांदूळ, नागली.
पाचवं पिशवीत ओतताना त्यांनी माझा हात धरला.
"राहू द्या. ही एक काडी वाळकी आहे.
मी बघितलंय."

संध्याकाळी चांगुणानं ओल्या बोटानं
पाटीवरचं 'द्या' पुसलं, 'न्या' पुसलं.
उरलं तेवढं पावसात तसंच राहिलं.
दुसऱ्या दिवसापासून कोण काय घेऊन येईल
आणि काय मागेल, नेम राहिला नाही.
एकीनं पावट्याचं बी आणलं, चोळीच्या चिंधीत बांधलेलं,
आणि म्हणाली, हे शिजवू नका हं.

मापटं परत केलं. पोचा पडला होता.
लोटनकाकांनी उजेडात फिरवून बघितलं,
हातोडीला हात नाही लावला.

श्रावण सरता सरता चार काड्यांना डोळे फुटले,
तांबूस, तांदळाएवढे.
लेबल अजून कोरं आहे.
पाचवी वाळकीच निघाली.
माप बरोबर होतं.